जादाचं लोखंड

कोल्हापूरला मी देवदर्शनाला गेले नव्हते, चपला घ्यायलाही नाही. मी भांडायला गेले होते. परत आल्यापासून जो तो विचारतो, रंकाळ्यावर गेलात का, रस्सा ओरपलात का, गूळ आणलात का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून बसले आहे. ज्यांना फक्त खाण्याच्या जागा हव्या आहेत त्यांनी सोमवारपुरतंच वाचलं तरी चालेल.

भांडणाचं कारण माझ्या पिशवीत होतं, जुन्या टॉवेलात गुंडाळलेले ओतीव लोखंडाचे दोन तुकडे. मी नाशिकला एका छोट्या संस्थेत चालता न येणाऱ्या मुलांसाठी लागणाऱ्या वस्तूंची डिझाइनं करते. अशा मुलांना चालायला शिकवताना दोन समांतर दांडे लावतात. मूल मधे उभं राहतं, दोन्ही हातांनी दांडे धरतं आणि पाऊल टाकतं. दांडे खांबांवर उभे असतात आणि प्रत्येक खांबाच्या तळाशी एक लोखंडी बैठक असते, खाली ताटलीसारखी पसरट आणि वर खांब धरणारी मान. आमच्याकडची नंदिनी नावाची सात वर्षांची मुलगी पहिल्यांदाच एकटी दांड्यांच्या टोकापर्यंत पोचली होती, आणि तेवढ्यात एक बैठक मानेत मोडली. हनुवटीला टाके पडले, पुढचा दात अर्धा गेला. त्या दिवसापासून ती त्या खोलीच्या दाराशी आली की आईचा पदर दोन्ही मुठींत धरते आणि सोडत नाही.

डिझाइन माझं होतं, बैठका मात्र दानात आलेल्या. कोल्हापूरच्या एका फौंड्रीवाल्यांनी माझं ड्रॉइंग मागून घेतलं, वडिलांच्या स्मरणार्थ स्वतःच्या खर्चाने बैठका ओतल्या, पूर्ण संच तयार केले आणि आपल्याच टेंपोने ठिकठिकाणच्या शाळांना नेऊन दिले. एक संच आम्हाला मिळाला. बाकीचे कुठे गेले हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तुटलेल्या तोंडाशी मला काळपट, स्पंजासारखी पोकळी दिसली होती, आणि मान माझ्या ड्रॉइंगपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड होती. म्हणजे बाकीच्या बैठकाही तशाच असणार, आणि कुठेतरी मुलं त्यांच्यावर भरवसा ठेवून उभी राहत असणार. मी फोनवर शाळांचे पत्ते मागितले. पलीकडून गडगडाटी आवाज आला, "फोनवर कसलं बोलायचं ताई, या की कोल्हापूरला. बसून बोलू." आमच्या अध्यक्षांचं म्हणणं पडलं की फुकट मिळालेल्या वस्तूवरून एवढा गाजावाजा बरा नव्हे. त्यांच्याशी एक भांडण उरकून मी गाडीत बसले.

सोमवार, स्टँड आणि जोतिबा

स्टँडवर उतरले आणि पिशवीचा बंद तुटला. लोखंड फरशीवर असं आपटलं की शेजारच्या चहावाल्याने आधी कपबशा सावरल्या. एका रिक्षावाल्याने पिशवी उचलली, हातात तोलून पाहिली आणि विचारलं, "पावणं, ह्यात काय देव घातलाय व्हय?" मी औद्योगिक वसाहतीचं नाव सांगितलं तेव्हा त्याला माझी दया आली. आज सोमवार, तिथली सुट्टी, काळं कुत्रं भेटायचं नाही, असं त्याने कळवलं.

मी तिथूनच फौंड्रीवाल्यांना फोन लावला. मी आज येणार हे त्यांना माहीत होतं आणि आज सोमवार आहे हेही माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले की सुट्टी आहे म्हणूनच तर आजचं बोलावलं. आता जोतिबाला जाऊन या, संध्याकाळी घरी जेवायला या, कामाचं उद्या बघू. आमच्या नाशिककडे माणूस भांडायला आला तर निदान त्याला भांडू तरी देतात. इथे आधी पाहुणचार करतात, आणि तोवर तुमचा राग थंड होईल अशी त्यांची अटकळ असते. माझा झाला नाही.

पोटात आग पडली होती म्हणून मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव आणि पापड असतो, इथे ब्रेडच्या जाड स्लाइस. कट तिखट आहे हे सगळेच लिहितात. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. तुमची वाटी अर्ध्यावर आली की वाढपी न विचारता कट ओततो. नको म्हटलं तरी ओततो. हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून ओततो. माझी साडी डागाळली ती तिथे.

जोतिबाच्या डोंगरावर वारा भन्नाट होता. खाली उसाचे हिरवे पट्टे, त्यांतून वर येणारा गुऱ्हाळांचा धूर, पलीकडे पन्हाळ्याची कड. देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्या, भिंती, दुकानांच्या फळ्या, एक झोपलेलं कुत्रंसुद्धा गुलालाने गुलाबी झालेलं. खोबरं घेतलं तर दुकानदाराने काटा बरोबर आल्यावर वर आणखी मूठभर टाकलं. मी म्हटलं, मोजलंत ना, मग हे कशाला? देवाच्या दारात काटा सरळ ठेवून द्यायची आपल्यात पद्धत नाही, असं तो म्हणाला. एरवी मला हे आवडलं असतं.

पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ कठडा धरून एकेक पाऊल खाली टाकत होते. ते पुढे गेल्यावर मी कठडा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहिला. कठडा भक्कम होता. फुलं विकणारी बाई मला म्हणाली, "न्हाई पडायचा तो, सोडा आता." नंदिनी पडल्यापासून मला ही खोड लागली आहे. जिथे कुणी हात टेकतं तिथे मी आधी हलवून बघते, आणि लोक माझ्याकडे बघतात.

सोमवार संध्याकाळ, अण्णांच्या घरी

फौंड्रीवाल्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. साठीचे, दणकट, कपाळावर भस्माचे पट्टे. घर कागलच्या बाजूला. घरात आपसांत कानडी, माझ्याशी मराठी, आणि दोन्ही भाषा सारख्याच मोठ्या आवाजात. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. मी टॉवेल सोडायला गेले तर अण्णांनी हातानेच थांबवलं. जेवल्याशिवाय या घरात कामाचं बोलत नाहीत.

मग ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, सुरीने कापावं असं दही आणि शेवटी दाण्याचा कूट आणि गूळ भरलेली शेंगाची पोळी. अक्कांच्या भाकरी इतक्या पातळ आणि एकसारख्या होत्या की मी रागातही दोन जास्त खाल्ल्या. नको म्हणायची सोय नव्हतीच. मला स्वतःचाच संताप येत होता. मी कशासाठी आले आहे आणि काय करते आहे?

जेवणं झाल्यावर मी तुकडे त्यांच्यासमोर ठेवले. अण्णांनी तुटलेल्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बैठकीच्या मानेवर त्यांच्या वडिलांचं नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेलं होतं, त्यातली माती त्यांनी बोटाने पुसली. नावाचे दोन भाग झाले होते. मग त्यांनी मला समजावून सांगायला सुरुवात केली, आणि ती हकिकत ते अभिमानाने सांगत होते. ड्रॉइंगमधली मान त्यांना फारच बारीक वाटली. तिच्यावर वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, नाव मावेना. शिवाय लोक काय म्हणतील, लंगड्या पोरांना द्यायच्या वस्तूत लोखंड मारलं? म्हणून त्यांनी साच्यात मान जाड करून घेतली. प्रत्येक बैठकीत पदरचं जादा लोखंड घातलं आणि कुणाला सांगितलंही नाही.

"दानाचं माप भरून वर सांडलं पायजे ताई," ते म्हणाले. "आमच्यात कमी देत न्हाईत."

ते माझ्या आभाराची वाट पाहत आहेत हे माझ्या लक्षात आलं, आणि माझं डोकंच फिरलं.

वाचकांपैकी कुणी कधी फौंड्रीत गेलं नसेल तर थोडक्यात सांगते. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. ते थंड होताना आक्रसतं. बारीक भाग आधी गोठतात, जाड भाग शेवटी. जाड भाग आक्रसायला लागतो तेव्हा त्याला आणखी वितळलेलं लोखंड लागतं, पण तोवर आजूबाजूची वाट गोठून बंद झालेली असते. मग तो आतल्या आत रिता होतो. वरून गुळगुळीत दिसतो, आत पोकळी. म्हणूनच मी मान, ताटली आणि त्यांना जोडणारा भाग एकाच जाडीचे ठेवले होते. जाडी वाढवायचीच तर साच्याला जास्तीचं लोखंड पुरवणारी वेगळी कुपी जोडावी लागते. अण्णांनी मान जाड केली आणि कुपी मात्र जोडली नाही. त्यांची हयात लोखंड ओतण्यात गेली आहे. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाच्या मालात त्यांनी हे कधी केलं नसतं. दान आहे म्हटल्यावर त्यांनी कारागिराची अक्कल बाजूला ठेवली आणि दात्याची घेतली.

मी अक्कांना विचारलं की भाकरी याच्या दुप्पट जाड थापली तर काय होईल. "मधी कच्ची ऱ्हाईल की," त्या म्हणाल्या. मी अण्णांकडे पाहिलं. भाकरी वेगळी आणि लोखंड वेगळं, असं म्हणून ते उठले आणि पान जमवायला लागले. शाळांचे पत्ते त्यांनी दिले नाहीत. दिलेलं दान परत मागायचं नसतं, त्याने देणाऱ्याचंही वाईट होतं आणि घेणाऱ्याचंही. यापुढे ते एक अक्षर बोलायला तयार नव्हते.

लॉजवर मी पंख्याकडे बघत पडून राहिले. आमच्या लहानपणी देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरही देणाऱ्याचं नाव असायचं. तेव्हा हसायचो. आणि राग फक्त अण्णांचाच येत होता असं नाही. आपल्याकडे जाड म्हणजे मजबूत आणि जड म्हणजे चांगलं, एवढ्यावरच सगळ्यांचं ज्ञान संपतं. शाळेत आम्हाला कार्यानुभवाच्या तासाला मेणबत्त्या आणि क्रेप कागदाची फुलं करायला लावली. माझा भाचा इंजिनिअर आहे, पोलादाचे प्रकार त्याने परीक्षेसाठी घडाघडा पाठ केले, पण त्याच्या हातात कानस दिली तर ती कोणत्या बाजूने धरायची हे तो विचारतो. कुठल्या वर्गात कुणी मुलांना एक लाकूड, एक पत्रा, एक ओतीव तुकडा देऊन म्हटलं आहे की मोडा हे आणि कसं मोडतं ते बघा? आमच्या संस्थेत बैठका आल्या तेव्हा सगळ्यांनी त्या उचलून पाहिल्या आणि किती दणकट आहेत म्हणून कौतुक केलं. मी त्या दिवशी दौऱ्यावर होते. परत आले तोवर दांडे उभे राहिले होते, मानांवर कव्हरं चढली होती आणि हार घातलेले फोटोही निघाले होते.

मंगळवार, फौंड्रीत

सकाळी मी चहाआधीच फौंड्रीत हजर झाले. मोठी शेड, काळी वाळू, चपलेतून पायाला जाणवणारी ऊब. कामगार साचे भरत होते. भट्टी कलली आणि लोखंड पातेल्यात उतरलं. ते वितळलेलं लोखंड मी अनेकदा पाहिलं आहे, तरी प्रत्येक वेळी श्वास रोखला जातो. काम स्वच्छ होतं, हे मला मान्य करावंच लागेल. पंपांचे आणि मोटारींचे भाग रांगेने मांडलेले, एकातही खोट नाही. त्यामुळे तर राग आणखी चढला. जे विकायचं ते एवढं नीट आणि जे मुलांना द्यायचं ते मनाला येईल तसं.

एका कोपऱ्यात पुढच्या दानाच्या बैठका रचून ठेवल्या होत्या, रंग देऊन, अप्पांच्या नावाची अक्षरं सोनेरी करून. मी अण्णांना म्हटलं, यातली एक माझ्यासमोर कापा. नवा माल कशाला वाया घालवायचा, यावर त्यांनी बराच वेळ काढला. चहा आला. मी तो घेतला नाही. कोल्हापुरात चहा नाकारणं म्हणजे काय ते शेडमधल्या सगळ्यांना समजलं असावं, कारण जवळचे दोघेतिघे हातातलं काम ठेवून बघायला लागले.

अण्णांनी एक बैठक उचलून कापायच्या मशीनवर लावली. पातं मानेत उतरायला वेळ लागला. दोन भाग वेगळे झाले आणि मधे चिंचोक्याएवढी काळी पोकळी दिसली.

एखादी अशी निघायचीच, असं ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ढिगाच्या तळातून दुसरी ओढून काढली. तिच्यात पोकळी त्याहून मोठी होती, आणि कडेला बारीक भेगही गेली होती. तिसरी त्यांनी उचलली, हातात धरली आणि मशीनवर न लावता परत ठेवली.

मला वाटलं, संपलं. पण अण्णांनी हात धुतले, टॉवेलाला पुसले आणि एक तोड काढली. नव्या बैठका ड्रॉइंगबरहुकूम ओतायच्या, सगळ्या शाळांना आणखी एक संच दान द्यायचा. नवीन आल्यावर जुने आपोआप कोपऱ्यात जातील. कुणाला काही कळवायची गरज नाही, परत मागायची गरज नाही, अप्पांच्या नावालाही धक्का नाही.

"आणि नवीन पोचेपर्यंत?" मी विचारलं.

ते टॉवेलाची घडी घालायला लागले.

तेव्हा मी ओरडले. शेडमधे मशीन चालू होतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं असेल. "अण्णा, तुमच्या अप्पांच्या नावावर एका पोरीचा दात मोडलाय. आत्ता या मिनिटाला दुसरं कुणीतरी त्या नावावर उभं असेल. तुम्हाला ते नाव वाचवायचंय का ते मूल, एवढं सांगा, म्हणजे मी जाते."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ढिगातल्या सोनेरी अक्षरांकडे पाहिलं. मग भट्टीवरच्या माणसाला हाक मारून कानडीत काहीतरी सांगितलं. त्या माणसाने खात्री करून घ्यायला पुन्हा विचारलं, आणि अण्णांनी तेच पुन्हा सांगितलं. दोन माणसं घण घेऊन आली. ओतीव लोखंड घणाखाली फुटतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. त्या बैठका बहुतेक एकेका घावातच मानेपाशी गेल्या. तुकडे फावड्याने भरून भट्टीकडे गेले, अप्पांच्या नावासकट. मला समाधान वाटायला हवं होतं. मला नुसतं दिसत होतं की हे किती सहज मोडतं.

मग अण्णा ऑफिसात आले, दार लावलं, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. नंबर त्यांच्याकडे होते. पहिली शाळा मलकापूरच्या पुढच्या एका गावातली. तिथल्या गुरुजींनी आधी अण्णांची ख्यालीखुशाली विचारली, मग सांगितलं की दांडे झकास आहेत, सध्या त्यांवर मुलांचे कपडे वाळत घालतात. चालायला शिकवणारं माणूसच अजून मिळालेलं नाही. दुसरी शाळा गगनबावड्याकडची. पावसाने वर्गात ओल येते म्हणून त्यांनी संच खोललाच नव्हता, वेष्टनासकट जपून ठेवला होता. अण्णांनी दोघांनाही सांगितलं की वापरू नका, माल सदोष आहे, चूक आमची आहे. पहिल्यांदा सांगताना त्यांचा आवाज अडखळला, दुसऱ्यांदा नाही. मला हसावं की रडावं कळेना. मुलं वाचली होती, पण ती आमच्या शहाणपणाने नव्हे. दान कुणी वापरतच नाही म्हणून वाचली होती.

तिसरा फोन सीमेजवळच्या एका गावातल्या बाईंना. त्या आवाजावरून तरुण वाटल्या. अण्णांनी सुरुवात केली तशी त्या मधेच म्हणाल्या, "त्ये व्हय? त्ये मोडलं की अण्णा, दिवाळीच्या आधीच."

"मग कळवलं न्हाईसा?"

"दानाची वस्तू. मोडली म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? आनि चूक आमचीच की. आमच्यातला समर्थ पोरगा अंगानं जरा जास्त हाय, त्याचं वजन पेललं न्हाई त्याला. लागलं न्हाई फार. पर तवापासनं त्याला उभं करत न्हाई आमी. त्योबी म्हणतोय, मी जड हाय. बसवूनच ठेवतो."

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने गप्प केलं, आणि बाईंना म्हणाले, त्याला फोन द्या.

पलीकडे खुर्ची सरकली. मग जवळून श्वास ऐकू आला. अण्णा टेबलावर पुरते वाकले होते. इतका हळू आवाज त्यांच्याकडे आहे हे मला त्या दोन दिवसांत कळलं नव्हतं.

"समर्थ, मी कोल्हापूरचा अण्णा. त्ये लोखंड मी केलतं. तू जड न्हाईस बाळा. आमचं लोखंड आतनं पोकळ हुतं."

पोराने विचारलं, "म्हंजे मी उद्या चालू?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. नव्या बैठका अजून ओतायच्या होत्या, त्यांचा साचासुद्धा व्हायचा होता. मी मान हलवली, नाही म्हणून, आणि हे त्याला सांगायचं काम मी त्यांच्यावरच टाकलं.